उंदीर-माकड चावडी

मुफुंदे,
३ जून

उंदीरखाऊ झोंडिवे जेरे यास, मालकिणीकडून,

जिवंत आहेस की कुणी तुला काडीला लावून भाजलं? दोन आठवडे झाले, फोनवरच्या आपल्या चावडीवर तुझा एक शब्द नाही. तुझ्या नावापुढचा हिरवा दिवा मात्र रोज लागतो. म्हणजे येतोस, वाचतोस, फुकटात हसतोस आणि निघून जातोस. फोन करावा तर तुझे कान गेलेले. मी विचारणार एक, तू सांगणार सायकलच्या टायरबद्दल. म्हणून शेवटी कागद काढला. चौतीस वर्षं टपालात लोकांची पत्रं वाटली, स्वतः लिहिलेलं हे बहुतेक पाचवं.

तू गायब असताना चावडी कशी भरलीय म्हणून सांगू! आपण दोघांनी सुरू केली तेव्हा चाळीस जण होते. आता अकरा हजार. तुमच्या न्गोनी जमातीला उंदरांवरून आणि आमच्या बेंबा जमातीला माकडांवरून शिव्या घालायला दुसऱ्या देशांत गेलेली पोरंसुद्धा येतात. परवा मी टाकलं: तुमच्यातला एक म्हातारा प्रार्थनेला बसला, 'देवा, आजचं अन्न दे.' तेवढ्यात पायाजवळून उंदीर पळाला. म्हातारा म्हणाला, 'देवा, जरा थांबायचं, अजून मीठ आणलं नाही!' दिवसभर लोक हसत होते.

एक नवीन आलाय. 'हसरा भाऊ' असं नाव लावतो, चेहऱ्याच्या जागी मांजराचं चित्र. आमच्यातलाच असावा. काय जीभ आहे त्याची! परवा म्हणाला, "उंदीर धरायला मांजर कशाला? पत्ता पुरतो." मी चहा सांडला अंगावर. मग त्याने खेळ काढला, आपल्या गल्लीतला उंदीर दाखवा. ज्याने त्याने आपापल्या शेजारच्या न्गोनीचा फोटो टाकला, दुकान कुठे, घर कुठे. खाली एकेक शेरे! हसून हसून बरगड्या दुखल्या.

निवडणूक जवळ आलीय, सगळीकडे नुसता कर्णा. चावडी आहे म्हणून जरा करमतं. ये लवकर. गुलामाने एवढे दिवस कामावर न येणं बरं नाही.

तुझी मालकीण,
न्कांदु कासोंडे

*

काझिंबे,
१४ जून

माकडांच्या महाराणी न्कांदुबाई,

तुझं पत्र आलं. अक्षर बघून वाटलं, झाडावर बसून लिहिलंस.

अगं, माझा फोन वीस मेलाच गेला. दुकानात एक पोरगा सायकल घेऊन आला, "बाबा, चेन उतरलीय." मी वाकलो, चेन चढवली, हात पुसले. पोरगा नाही आणि फोनही नाही. सायकल मात्र सोडून गेला! चांगली सायकल. ती विकली तर दोन फोन येतील. असला चोर मी साठ वर्षांत पाहिला नाही. अजून ती दुकानात उभी आहे, विकायचं मन होत नाही.

तेव्हा तू म्हणतेस तो हिरवा दिवा माझा नाही.

आता त्या हसऱ्या भावाचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. पत्त्याचं बोलणं चांगलं आहे, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाचलं आणि विचारात पडलो. आपल्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, दमले, आणि मग ठरवलं की यापुढे नुसत्या शिव्या द्यायच्या. पण त्यात एक अट होती. दिलेली शिवी परत घ्यायची. मी तुला माकड म्हणालो की तू मला उंदीर म्हणणार आणि मी दात काढणार. तू लिहिलंस त्यात त्याने दिलेल्या शिव्याच आहेत. त्याला कुणी दिली का? आणि त्याने काय केलं? एवढं बघ. भर चावडीत त्याच्या आईबापाचा उद्धार कर, चांगला ठेवणीतला. खरा थट्टेतला नातलग असेल तर खूश होईल.

आणि तिसाउकेच्या दुकानावरून एकदा जाऊन ये. माझ्या भावाचा पोरगा तुमच्या गावात तुझ्याच भरवशावर आहे. केस कापताना बडबडतो फार, गिऱ्हाइकाचा कान कापला नाही म्हणजे मिळवली.

तुझा मालक (गुलाम तू),
झोंडिवे

*

मुफुंदे,
२५ जून

झोंडिवे,

शिवी नंतर देते, आधी ऐक.

तू सांगितलंस तसं केलं. सगळ्यांसमोर लिहिलं, "हसऱ्या भावा, तुझ्या बापाला आमच्या वाडीत शेपटी धरून उतरवला होता, तुझी आई तर अजून फांदीवर आहे." यावर आपल्यातला कुणीही गडगडाट करून चारपट परत करता. इथे मात्र पाच मिनिटांनी माझा मजकूरच नाहीसा झाला. पुसला त्याने! पुसायचा अधिकार तुला आणि मला सोडून कुणाला नव्हता. म्हणून बघितलं, तर त्याला अॅडमिन केलेलं. कुणी केलं म्हणून शोधलं, तर तुझं नाव. सव्वीस मेला, झोंडिवे जेरे यांनी. आता तुझ्या नावाने फोन नेणारा तो पोरगाच बसलाय की तोच हा हसरा, मला कळत नाही. तू लवकर कळव, हे तू केलेलं नाहीस ना? मला माहीत आहे नाहीस. तरी कळव.

तिसाउकेकडे गेले होते. मजेत आहे. बायको पाचव्या महिन्यात, तिला आमच्या जमिनीतल्या कंदाची वडी खावीशी वाटते, मी करून दिली. त्याच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी खडूने उंदीर काढलाय. शेपटी लांबलचक, कानाला कात्री. मी म्हटलं, "पूस रे हे." तो म्हणतो कसा, "राहू दे की, माकडमावशी! फुकटात पाटी मिळाली. गिऱ्हाईक विचारत येतं, उंदराचं दुकान कुठलं?" आणि त्याने चित्राशेजारी उभं राहून, गाल फुगवून फोटो काढला, तो चावडीवर टाकला पण. सात हजार जण हसले.

परत येताना मी मुद्दाम बाजाराच्या मागच्या गल्लीतून आले. सांबो शिंप्याच्या दारावर उंदीर. शाळेतल्या चिर्वा बाईंच्या फाटकावर उंदीर, दोघंही तुमच्यातली. हे खडूचे नव्हते. पांढरा रंग होता, ऑइलपेंट, सगळे एका हाताने काढल्यासारखे.

न्कांदु

*

काझिंबे,
४ जुलै

न्कांदु,

मी केलेलं नाही. बस स्टँडवर चालकाच्या हाती हे पत्र देतोय, म्हणजे टपालापेक्षा लवकर पोचेल.

चावडी बंद कर. आजच्या आज. अकरा हजार असू देत नाहीतर अकरा लाख. आपण सुरू केली, आपण मोडू. लोक दोन दिवस ओरडतील आणि दुसरीकडे जाऊन हसतील.

ती सायकल कुणाची म्हणून चार ठिकाणी विचारलं. दोन वाड्या पलीकडे एक पोरगा भेटला, त्याच्याकडेही तसलीच नवीकोरी. म्हणाला, "प्रचाराच्या लोकांनी वाटल्या." कुठल्या पक्षाच्या, ते काही बोलेना. सारखा माझ्या मागे, रस्त्याकडे बघत होता.

तिसाउकेला मी चार ओळी लिहिल्या आहेत. काळजी करू नकोस. थट्टेचं नातं आहे, दीडशे वर्षं टिकलंय, एका मांजराच्या चित्राने तुटत नाही.

झोंडिवे

*

मुफुंदे,
१२ जुलै

झोंडिवे,

उशीर झाला. तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी बंद करायला गेले, तर मलाच बाहेर काढलेलं. माझ्याच चावडीतून! शेजारच्या पोरीच्या फोनवर पाहिलं, सदस्य आता एकवीस हजार. वर लिहिलंय, 'फक्त गंमत. ज्यांना सोसत नाही त्यांनी निघावं.' आणि खाली विनोद. तेच आपले विनोद, झोंडिवे. मीठ आणायचं राहिलेला तो म्हातारा माझा आहे, शब्दन् शब्द माझा. फक्त शेवटी एक ओळ जोडलीय, 'मीठ आम्ही आणतो.'

तिसाउकेला म्हटलं, "बायकोला घेऊन माझ्याकडे राहायला ये, निदान मतदान होईपर्यंत." तो वस्तऱ्याला धार लावत होता.

"मावशी, तुझ्या घरी राहिलो तर मला माकड खायला घालशील."

"थट्टा पुरे रे."

त्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "थट्टा पुरे असं तू म्हणतेस? तू?"

"मी म्हणते. मग गावी तरी जा, काकांकडे."

"नाही जाणार. मला सांगितलंय तसं मी करतोय." कुणी सांगितलं, तर बोलेना. बायकोला मात्र तिच्या आईकडे पाठवलंय, तेवढं बरं झालं.

तू त्याला लिहिलंस तर परत लिही. जरा जोरात लिही.

न्कांदु

*

काझिंबे,
२९ जुलै

न्कांदु कासोंडे यांस,

तुझं पत्र नाही. मी रोज स्टँडवर जातो.

तुला माहीत असेलच, तरी लिहितो. तिसाउकेला आम्ही बुधवारी माती दिली. तिकडच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून बसते.

माती कशी दिली ते कुणाला सांगावं कळत नाही, म्हणून तुला सांगतो. तू इथे दहा वर्षं टपालात होतीस, तुला आमची रीत ठाऊक आहे. मयताला थट्टेच्या नातलगांनी यायचं. मेलेल्याची टोपी डोक्यावर घालायची, तो चालायचा तसं चालून दाखवायचं, खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं, 'ही जागा माझी, याला दुसरीकडे न्या' म्हणून भांडायचं. रडणाऱ्या बायका मध्येच हसतात आणि मग नीट रडता येतं त्यांना. त्याशिवाय आमच्यात कुणी निरोप घेतल्यासारखं वाटत नाही.

आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या झियानी आजोबांनी खड्ड्याच्या कडेला उभं राहून हाक घातली, "माकडं कुठं आहेत? या रे, तुमचा उंदीर मेला!" कुणी आलं नाही. इथे तुमच्यातली चार घरं आहेत, गेली वीस वर्षं एकही मयत चुकवलं नाही त्यांनी. चौघांची दारं बंद होती. भीतीने. आमच्या पोरांची भीती त्यांना, आणि ती खोटी नव्हती, आमची काही पोरं काठ्या घेऊनच आली होती. आजोबांनी दुसऱ्यांदा हाक घातली. मग तिसऱ्यांदा. त्यांचा आवाज फाटला. बायका आमच्याकडे बघत होत्या. शेवटी मीच फावडं उचललं.

तू का आली नाहीस? मी तुझी वाट बघितली. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ती येईल.

झोंडिवे

*

मुफुंदे,
६ ऑगस्ट

झोंडिवे,

मी आले होते.

दोन बस बदलून, दोन दिवस बसून आले. स्मशानाच्या वाटेवर विटांची भट्टी आहे ना, तिच्या आडोशाला उभी होते. डोक्यावरून चितेंग्याचं छापील कापड ओढून घेतलेलं. आजोबांच्या तिन्ही हाका ऐकल्या. तिसऱ्या हाकेला मी पाऊल टाकलं सुद्धा. पण तिथूनच मागे फिरले. आता का, ते वाच. वाचून माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस.

तो शनिवार होता, बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा. मी पाल्याच्या टोपल्यांपाशी होते. कर्ण्यावर गाणी लावून एक ट्रक आला. मागे वीसेक पोरं, सगळ्यांच्या तोंडावर पुठ्ठ्याचे मांजराचे मुखवटे, मिशांसकट. लोक हसायला लागले. सगळ्यांना वाटलं, चावडीचीच गंमत चाललीय. बायका टोपल्या टाकून, फोन वर धरून धावल्या. मी पण हसले, झोंडिवे. पहिली काही मिनिटं मी हसत होते.

पोरं ट्रकवरून उड्या मारून म्याँव म्याँव करत तिसाउकेच्या दारात गेली. तो बाहेर आला. हातात कंगवा, गळ्यात टॉवेल. हसतच आला. म्हणाला, "अरे वा, एवढी मांजरं! मिशा आधी कुणाच्या काढू?" लोक टाळ्या वाजवायला लागले. मी ओरडून आमच्या भाषेत त्या पोरांना शिवी दिली, चिंबुयातली, म्हणजे थट्टेच्या नात्यातली, दोन्हीकडे पाठ असलेली नेहमीची. एकालाही कळली नाही. एकाने मागे वळून नुसतं बघितलं. तेव्हा मला समजलं, ही आमची नाहीत. बेंबाही नाहीत, न्गोनीही नाहीत, कुठून तरी भरून आणलेली. तोवर पुढच्याने लोखंडी पाइप काढला होता. तिसाउकेच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. ते उतरायला त्याला वेळच मिळाला नाही.

लोकांचं हसणं लगेच थांबलं असं तुला वाटत असेल. नाही थांबलं. मागच्यांना दिसत नव्हतं, ते हसतच होते.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या पोरीचा फोन घेऊन मी पोलीस चौकीत गेले. म्हटलं, वाचा हे सगळं, यात पत्ते आहेत, धमक्या आहेत. जो तरुण शिपाई होता तो वाचायला लागला. चांगला पोरगा, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वाचता वाचता त्याचे ओठ हलायला लागले, मग खांदे. मिठाच्या म्हाताऱ्यापाशी तो खदखदून हसला. मग ओशाळला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आजी, माफ करा. पण यात धमकी कुठे दाखवू? साहेब म्हणतील ही तर थट्टा आहे." विनोद माझा होता.

आणि शेवटचं. पहिल्या पत्रात मी तुला त्या खेळाचं लिहिलं होतं. कुणाचा फोटो कुणी टाकला ते लिहिलं नव्हतं. तिसाउकेचा मी टाकला. दुकान, पाटी, बाजारातली गल्ली, सगळं दिसत होतं त्यात. खाली लिहिलं होतं, 'हा आमचा सगळ्यात गुटगुटीत उंदीर.' त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा मला मिळाला.

न्कांदु

*

काझिंबे,
९ ऑगस्ट

न्कांदु,

फोटोचं मला ठाऊक होतं. तिसाउकेनेच कळवलं होतं जूनमध्ये, मोठ्या कौतुकाने. 'मावशीने मला गुटगुटीत म्हटलं.' तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आता माझं ऐक. तो घर सोडायला का तयार नव्हता, कुणी सांगितलं होतं, ते तुला कळलं नाही. मी सांगितलं होतं. त्या चार ओळींत मी लिहिलं, 'पळालास तर नातं तुटेल. थट्टेला घाबरणारा माणूस आपल्या घरात झालेला नाही. दारात उभा राहा आणि हस.' तो तसाच उभा राहिला. कागद त्याच्या खिशात होता, कपड्यांबरोबर आमच्याकडे आला. बायकोने वाचलाय. ती भिंतीकडे तोंड करून बसते, ते माझ्याकडे पाठ करून बसते. तुला मी काय म्हणून बोल लावू?

ती सायकल मी विकली. फोन घेतला. शेजारच्या पोराकडून वेगळ्या नावाने चावडीत शिरलो. बत्तीस हजार माणसं आहेत आता. काल दुपारी दुकानाचं दार लावून बसलो आणि सगळं लिहून काढलं. शनिवारचं, पाइपाचं, आजोबांच्या तीन हाकांचं, पोटातल्या पोराचं. एक शब्द वाढवला नाही. खाली माझं खरं नाव घातलं.

अर्ध्या मिनिटात पहिलं हसणारं तोंड आलं. मग दुसरं. मग पावसासारखी आली. मला वाटलं, ही त्या मांजराची माणसं. एकेकाचं नाव उघडून बघितलं. नाही गं. शाळेतली पोरं होती, कंदिलाच्या दुकानवाली बाई होती, एक पाद्री होता. एका मुलाने लिहिलं, 'म्हातारबा, कसलं भारी लिहिता! खड्ड्याचं तर एकदम खास. अजून टाका ना.' मी त्याला उत्तर दिलं, 'बाळा, तो माझा पुतण्या होता.' त्यावरही हसणारी तोंडं आली. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, न्कांदु. त्याला खरोखरच वाटत होतं की मी गंमत सांगतोय. मी आणखी कुठल्या शब्दांत सांगायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

संध्याकाळी हसऱ्या भावाने एकच ओळ टाकली. उंदरांचं झालं, आता ज्या माकडांनी उंदरांसाठी चौकीत जाऊन रडगाणं गायलं, त्यांना ओळखा पाहू. खाली नावं पडायला लागली आहेत. तुझं तिसरं आहे. पुढे घराचा रंग लिहिलाय, निळा.

तुझा फोन लागत नाही, शेजारणीला लावला तर उचलत नाही. पहाटेच्या बसच्या चालकाला हे देतोय, हातोहात पोचवीन म्हणालाय. गुरुवारी मतदान. हे पत्र त्याआधी मिळालं तर सामान बांधत बसू नकोस. अंगावरच्या कपड्यांनिशी मिळेल त्या बसने इकडे निघ. मी स्टँडवर उभा असेन, आमच्या पोरांना मी बघून घेईन.

नंतर मिळालं, तर एक ओळ लिही.

झोंडिवे